पहिली चिमूट मालकाची

कृषी प्रदर्शनांना मी हल्ली जात नाही. गेलेच तर जनावरांच्या खाद्याच्या मांडवाकडे फिरकत नाही. तिथे एक चकचकीत पाकीट हमखास असतं. पाकिटावर साबणाने घासून काढल्यासारखी एक म्हैस असते आणि ही पावडर मुरघासात टाका, मग दूध बघा, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. विकणाऱ्याच्या अंगाला अत्तराचा वास येतो. त्याने जन्मात कधी मुरघासाच्या खड्ड्यात हात घातलेला नाही हे त्याच्या नखांवरून कळतं. मला मळमळायला लागतं. मग निंभोरकर आठवतात, आणि त्या मळमळीत थोडी माझी स्वतःचीही भर पडते.

सुखदेव निंभोरकर आमच्या गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. जनावर पाडायचं, धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची हे त्यांचं सरकारी काम. मी तिथे डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चारेक वर्षं उरली होती. मी अकोल्याची, तीन पिढ्या वकिली चालत आलेल्या घरातली. आमच्याकडे कुत्रंसुद्धा कधी पाळलेलं नाही. गाव परतवाड्याच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून मला ओळख देतात आणि ती मला टिकवायची आहे.

पहिल्या दिवशी लोक नव्या डॉक्टरला वरपासून खालपर्यंत बघतात. निंभोरकरांनी माझा वास घेतला. खरोखर घेतला. उंच, काटकुळा माणूस, चेहऱ्यावर बघण्यासारखं एवढंच एक लांब नाक, आणि नाकपुड्या सारख्या हलत असायच्या.

"डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "ते सेंट लावून म्हशीजवळ जाऊ नोका. थे बिचकते. अन् मलेही मळमळते."

त्यांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. चहावरची साय, लग्नातलं पनीर, जिल्ह्याच्या ऑफिसात फवारतात तो गुलाबाचा वास, लोकांच्या घरचं दही, नवीन चारचाकीच्या आतली हवा, प्लास्टिकच्या फुलांचे हार. या सगळ्यांना त्यांचा एकच शब्द होता, "घान." खिशात नेहमी एक पांढरी दस्ती, म्हणजे हातरुमाल, असायची. घाण वाटली की ते दस्ती नाकाला लावत, आणि साहेब बोलत असला तरी लावत. त्यामुळे नोकरीत त्यांचं काही भलं झालं नाही.

पण कोपरापर्यंत हात घालून म्हशीची व्यायल्यावर अडकलेली वार काढताना ती दस्ती खिशातच राहायची. किडे पडलेली जखम ते इतक्या शांतपणे साफ करायचे की बघताना मलाच बाहेर जावं लागायचं. एकदा मी विचारलं, निंभोरकर, याची कशी किळस येत नाही तुम्हाला? ते म्हणाले, "याच्यात त्या जनावराचा काय कसूर हाय?" माझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठे आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांची खरी आवड होती मुरघास. हिरवा चारा कापायचा, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरायचा, हवा कोंडायची आणि महिना-दीड महिन्याने आंबट झालेला काढून उन्हाळाभर जनावरांना घालायचा, इतकंच ते काम. सरकारने त्यांना हे करायला कधी सांगितलं नव्हतं. ते आपले रविवारी सायकल काढून कोणाच्या तरी खड्ड्यावर जायचे. मुरघास तपासायची त्यांची एक रीत होती आणि ती आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होती. खड्डा उघडला की जनावराच्या आधी मालकाने चिमूटभर खायचा. त्या आधी निंभोरकर स्वतः खायचे. चिमूट नाकाशी धरायची, तोंडात टाकायची, सावकाश चघळायची. खराब असला तर थू करून थुंकायचे आणि दस्तीने जीभ पुसायचे. चांगला असला तर गिळायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय." यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मोर्शीकडच्या एका बड्या संत्रा बागायतदाराने आम्हाला बोलावलं होतं. गाई खात नव्हत्या. घरासमोर दोन गाड्या, गोठ्याला पंखे, आणि कोपऱ्यात मक्याच्या मुरघासावर पांढरी बुरशी, भाकरीवर यावी तशी. निंभोरकरांनी चिमूट तोंडात टाकली, थुंकली, दुसरी चिमूट उचलली आणि मालकासमोर धरली.

"घ्या दादासाहेब. पहिली चिमूट मालकाची."

"अरे, हे काय मानसाचं खानं हाय का?" दादासाहेब हसले.

"मानसाचं नाई. पन मानसाच्या हातून सडलं ना. घ्या."

हात तसाच. दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाईकडे पाहिलं. शेवटी त्यांनी घेतलं, दोनदा चावलं आणि तोंड धरून नळाकडे पळाले. निंभोरकर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमाले चिमूट सोसली नाई. थे गाय टोपलंभर कशी खाईन?" परतताना जीपमध्ये मी पोट धरून हसत होते आणि ते दस्तीने जीभ पुसत होते.

अशा माणसाबद्दल वाईट लिहायचं म्हणजे हाताला जड जातं. पण लिहायला बसलेच आहे तर त्या उसाबद्दल लिहायला हवं.

मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या काही शेतकऱ्यांचा ऊस उभाच राहिला. कारखान्याची तोडणीची टोळी येणार येणार म्हणता आलीच नाही. गावात दूधवाल्या बायकांचा एक गट होता, त्यांच्यात ठरलं की हा ऊस वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पाल्यासकट, कुट्टी करून त्याचा मुरघास करायचा. वरच्या ऑफिसला हे कळलं आणि त्याचा 'उपक्रम' झाला. निंभोरकरांकडे काम आलं. इतकी वर्षं ते गवताच्या आणि ज्वारीच्या मुरघासात गुळाचं पाणी शिंपडायला सांगत आले होते. गवतात साखर कमी, म्हणून वरून गोड घालायचं, म्हणजे ते नीट आंबतं. उसाच्या खड्ड्यावरही ते थरावर थर टाकताना म्हणाले, "गूळ टाका." बायकांनी टाकला.

ऊस मुळातच गोड. त्यात आणखी गूळ म्हणजे खमिराला मेजवानी, आणि मग चारा आंबट व्हायच्या ऐवजी त्याची दारू होते. हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत व्यवस्थित लिहूनही आले होते. गूळ पडत होता तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. निंभोरकरांना मुरघास शिकवणारी मी कोण, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर ऊन फार होतं आणि मला घरी जायचं होतं.

दीड महिन्याने खड्डा उघडायला जिल्ह्याहून साहेब आले. खड्ड्याला फीत बांधली होती. जनावरांच्या चाऱ्याच्या खड्ड्याला लाल फीत आणि झेंडूच्या माळा. नारळ फुटला. ताडपत्री बाजूला झाली आणि जो वास आला तो मेळघाटाच्या अंगाच्या लोकांना सांगावा लागत नाही. मोहाची भट्टी लागली की असा वास येतो. मागे उभे असलेले दोन-तीन गडी एकमेकांकडे बघून हसले. साहेब म्हणाले, "वा, छान गोड वास येतोय." फोटोवाला म्हणाला, निंभोरकर, ती तुमची चिमूट होऊन जाऊ द्या.

निंभोरकरांनी चिमूट नाकाशी धरली. तोंडात टाकली. दोन वेळा चघळली आणि जबडा थांबला. मी समोर होते, मला दिसलं. माझ्या शेजारी दूधवाल्यांच्या गटातली कमलबाई उभी होती, तिलाही दिसलं. तिचा नवरा परतवाडा-अमरावती काळी-पिवळी चालवायचा, आणि घरच्या म्हशी सगळ्या तिच्या. त्यातली मोगरी तिने भातकुलीच्या माहेरून वगार असताना आणलेली, आता आठ महिन्यांची गाभण. ती निंभोरकरांच्या तोंडाकडे बघत होती, कारण ते थुंकतात की गिळतात यावर तिच्या म्हशीचं खाणं ठरणार होतं.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग गिळलं.

"ठीक हाय," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. एका म्हशीला पुढे आणून तिच्या तोंडापाशी सगळ्यांनी मिळून घमेलं धरलं, आणि फोटो निघाला. त्या फोटोची मला अजून शिसारी येते. त्यात मी हसते आहे.

निंभोरकरभाऊंनी गिळलं म्हटल्यावर गावाने घमेली भरभरून घातलं. म्हशी पहिल्यांदा हावरटासारख्या खायच्या, मग लाळ गाळत बसून राहायच्या. उघडा पडलेला खड्डा दिवसादिवसाने तापत गेला आणि त्यावर गुलाबी-पांढरी बुरशी चढली. आठव्या दिवशी कमलबाई दवाखान्यात आली.

"भाऊ, थे हाताले गरम कावून लागते?"

"वरचं काढून फेका," निंभोरकर म्हणाले, तिच्याकडे न बघता. "खालचं चांगलं हाय."

बाराव्या दिवशी मोगरीने गाभ टाकला. पारडू मेलेलं. वार अडकली, ती निंभोरकरांनीच काढली, नेहमीसारखी शांतपणे, आणि हात धुताना तीन वेळा साबण लावला. मोगरीला ताप चढला तो उतरला नाही. चौथ्या दिवशी ती गेली. अहवाल मी लिहिला. त्यात 'कारण निश्चित सांगता येत नाही' असं वाक्य आहे. अक्षर छान आहे.

त्यानंतरच्या सोमवारी कमलबाई पुन्हा आली. रडली नाही, ओरडली नाही. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, मले दुसरं काही नोको. लोक म्हनून राहिले का म्या म्हशीले नीट पाह्यलं नाई. माहेरची म्हैस म्या मारली म्हन्ते. तुमी चार लोकाईत सांगा का मुरघास खराब होता. तुमाले त्याच दिवशी समजलं होतं. म्या पाह्यलं तुमच्या तोंडाकडं."

निंभोरकर सिरिंजा उकळत होते. ते चिमट्याने एकेक बाहेर काढत राहिले. मी चहा मागवला. एका बाईची म्हैस आमच्यामुळे मेली आणि मी चहा मागवला. चहा आला तेव्हा ती निघून गेली होती. तो कप बराच वेळ टेबलावर राहिला, त्यावर साय धरली, आणि निंभोरकर त्या सायीकडे बघत बसले. दस्ती काढली नाही.

त्यानंतरची दोन वर्षं निंभोरकरांच्या अंगणात निळे प्लास्टिकचे ड्रम उभे होते. कुठूनतरी ऊस मिळवायचे, हाताने कुट्टी करायचे आणि प्रत्येक ड्रममध्ये वेगळं काहीतरी मिसळून दाबून भरायचे. एकात नुसता ऊस. एकात युरिया. एकात जिवाणूंची पावडर. एकात कळीचा चुना. ड्रमवर खडूने खुणा. चाळीस दिवसांनी एकेक उघडायचा आणि चिमूट तोंडात टाकायची. चुन्याने त्यांच्या तोंडात फोड आले, आठवडाभर ते पेज पीत होते. त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, एकदा मला दारातच गाठलं.

"बाई, तुमी तरी सांगा याईले. घरात भाकर खाऊन नाई राहिले अन् त्या ड्रमातलं खाऊन राहिले. मांडव करावा तसे ड्रम मांडले. सारं घर वासानं आंबून गेलं."

घरात खरोखर वास होता. पडद्यांना, उशांना, काकूंच्या लुगड्यालाही. ज्या माणसाला लोकांच्या घरचं दही चालत नव्हतं तो या वासात जेवायचा, झोपायचा. मी गेले की ते मला एकेका ड्रमपाशी नेत आणि माझ्याही हातावर चिमूट ठेवत. मी थुंकायची. नुसत्या उसाचा ड्रम भट्टीसारखाच निघाला. युरियाने दारू कमी झाली, पण युरिया नीट मिसळला गेला नाही तर एकाच घमेल्यात जनावर आडवं होतं, आणि लोक मिसळतील याची त्यांना खात्री नव्हती. जिवाणूंची पावडर चांगली निघाली, पण दुकानात उन्हात पडलेलं पाकीट आणलं तेव्हा काही उपयोग झाला नाही. चुना जमला. शंभर किलो कुट्टीला एक किलो, आधी पाण्यात विझवून, थंड करून, थरावर थर सारखा शिंपडायचा. तो ड्रम उघडला तेव्हा दारूचा वास फारसा नव्हता. कैरीच्या फोडीसारखा स्वच्छ आंबट वास होता. आठवडाभर उघडा ठेवला तरी तो तापला नाही. निंभोरकरांनी चिमूट गिळली. "ठीक हाय" हे शब्द त्यांनी त्या खड्ड्यानंतर माझ्यासमोर पुन्हा काढले नव्हते, आताही काढले नाहीत.

मी म्हटलं, निंभोरकर, हे लोकांना सांगू या. ते म्हणाले, "सांगाचं हाय. पन पयले दुसरं सांगाचं हाय."

त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम दवाखान्यासमोरच्या मांडवात झाला. तेच साहेब. शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या फुलांचा हार. साहेबांनी त्यांना 'मुरघासाचे महर्षी' म्हटलं, आणि त्या उसाच्या उपक्रमाचा फोटो मोठा करून मागे लावला होता. निंभोरकर बोलायला उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला.

"हा फोटो हाय ना मांगं," ते म्हणाले, "त्या दिवशी म्या गिळलं. थे थुकाचं होतं. उसात गूळ टाका म्हनून म्याच सांगतलं होतं. खड्डा उघडला तवा मले वासावरूनच समजलं का याची दारू झाली. साहेब होते, फोटो होता, म्हनून गिळलं. कमलबाईची म्हैस त्यानं गेली. तिनं नाई मारली. म्या मारली."

साहेब मोबाइल बघत होते. त्यांनी तो खिशात ठेवला, माइक घेतला आणि म्हणाले, "बघा. केवढी ही विनम्रता." लोकांना काय करावं कळत नव्हतं, त्यामुळे टाळ्या वाजल्या. निंभोरकरांनी सगळ्यांसमोर दस्ती काढून नाकाला लावली. इतकी घाण मी कुठल्याच खड्ड्यात पाहिलेली नाही.

कमलबाई तिथे नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. आमंत्रणांची यादी मी केली होती.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली झाली. सामान भरून गाडीची वाट बघत होते तर सकाळी निंभोरकर दारात. हातात घमेलं, त्यावर ओलं पोतं झाकलेलं.

"डॉक्टरीनबाई, जरासं चाला माह्यासंगं. तुमी त्या दिवशी होत्या. आजही पायजे."

आम्ही कमलबाईच्या घरापाशी आलो. फाटकाच्या आत मोगरीची थोरली वगार बांधलेली होती, आता भरलेली म्हैस झालेली. निंभोरकरांनी हाक मारली नाही. घमेलं खाली ठेवलं, पोतं काढलं आणि फाटकाबाहेर उभ्या उभ्या चिमूटभर घेऊन चघळून गिळलं. नंतर मला कळलं की गेले कित्येक रविवार ते हेच करत होते. यायचे, खायचे, थांबायचे आणि घमेलं घेऊन परत जायचे. ती एकदाही बाहेर आलेली नव्हती.

त्या दिवशी आली. कदाचित मला पाहून आली असेल. फाटक उघडून ती समोर उभी राहिली, शेणाचे हात तसेच.

"कमलबाई," निंभोरकर म्हणाले, "चुना टाकलेला हाय. गूळ नाई. म्या दोन वर्सं खाऊन पाह्यला. त्या दिवशी म्या खोटं गिळलं. लोकाईत सांगतलं, पन तुमी तिथी नव्हत्या. म्हनून आता सांगून राहिलो." त्यांनी चिमूट तळहातावर धरली. "पहिली चिमूट मालकाची."

तिने हात लुगड्याला पुसला. चिमूट घेतली, वास घेतला, तोंडात टाकली. सावकाश चघळू लागली. निंभोरकर तिच्या जबड्याकडे बघत होते, अगदी तसेच जशी ती त्या दिवशी त्यांच्याकडे बघत होती. तो हलत होता, थांबत नव्हता. मला वाटलं, गिळणार.

तिने थुंकलं. त्यांच्या पायांपाशी, इतक्या जवळ की चपलेवर उडालं.

"मुरघास चांगला हाय, भाऊ," ती म्हणाली. "थुकली थे तुमच्यावर." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "अन् याईच्यावर."

तिने वाकून घमेलं उचललं आणि आत नेलं. फाटक पायाने लोटून घेतलं. थोड्या वेळाने म्हशीने घमेल्यात तोंड घातल्याचा आवाज आला आणि मग रवंथ नव्हे, नुसतं भराभर खाणं. निंभोरकर ते ऐकत उभे होते. त्यांनी खिशातून दस्ती काढली, घडी तशीच हातात धरली, आणि चपलेवरचं पुसलं नाही.